गाडीत संसार मांडायचा तर आधी मुक्काम शिका

मी मूळची सांगलीची, गावभागातली. आयर्विन पुलापाशी कृष्णेला ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका धरतात. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं. ते उतरल्यावर आईचं सागवानी कपाट उघडायला गेले तर दारच हातात आलं. आत साड्यांच्या घडीघडीत गाळ बसला होता, जणू कुणी मुद्दाम थापून ठेवला असावा. आई विश्रामबागेत भावाकडे राहायला गेली, मी पुण्याला माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर परत आले. पण त्या कपाटानंतर मला घरात एकही वस्तू आणावीशी वाटेना. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, फ्लॅट सोडला आणि गाडीत राहायला लागले. तेव्हापासून सातारा आणि सांगली हे दोन जिल्हेच माझं अंगण आहेत.

मला भेटणारा प्रत्येक जण आधी गाडीबद्दल विचारतो. कितीला पडली, सोलर किती वॅटचं, संडास कुठे. ते सगळं पुढे सांगते. पण गाडी पैसे टाकले की बांधून मिळते. मुक्काम करणं मात्र शिकावं लागतं. कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूला जायचं, आज रात्री कुणाच्या रानात थांबायचं, त्याला काय सांगायचं आणि कधी निघायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून माझे पहिले चार महिने पेट्रोल पंप आणि ढाब्यांच्या मागे, डिझेलच्या वासात गेले. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

आधी वर्षाचा फेरा ठरवा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या म्हसवडला पाचशेच्या आसपास. दोन्हींमधलं अंतर रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे माझ्या गाडीला पंधरा लिटर डिझेल. गाडीत राहणाऱ्या माणसाला याहून मोठी सोय कोणती?

माण-फलटणकडचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. पावसाळ्यात आपल्या माळावर, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात, आणि मृगाच्या आधी परत. मी त्यांचाच फेरा धरला आहे, फक्त घाट उतरत नाही.

जून ते सप्टेंबर मी माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात असते. दहिवडीच्या माळावर जुलैत आभाळ भरलेलं असतं, वारा गाडी हलवतो, पण पाऊस शिंतोड्यांवर भागतो. माझी गाडी कोरडी राहते, कपडे वाळतात. याच काळात आषाढी वारी असते. ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या वाटेने जाते. ते दिवस त्या रस्त्यावर गाडी घालू नका. अंतरावर लावा आणि चालत जा.

ऑक्टोबरपासून पश्चिमेकडे सरकायचं. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. फुलांच्या दिवसांत तिथे नोंदणी करूनच जाता येतं, आणि पठारावर गाडी लावून झोपण्याचा विचार कोणत्याच महिन्यात करू नका. तिथली माती म्हणजे जांभ्या खडकावरचा इंच-दोन इंचांचा थर आहे. एका चाकाखाली किती फुलं कायमची जातात ते मोजता येणार नाही. मी गाडी खाली लावते आणि बसने वर जाते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाई, मेणवली, धोमचा परिसर, मग कराड, तासगाव. हे वर्षातले सगळ्यात सुखाचे दिवस. पण साखर कारखाने सुरू असतात, म्हणून अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय रस्त्यात उभा असतो आणि उसाची टोकं काचेच्या उंचीवर आलेली असतात. मी हे स्वतः पाहिलं आहे, उंब्रजच्या अलीकडे, जेमतेम दहा फुटांवर. तेव्हापासून सहानंतर किल्ली काढून ठेवते.

मार्च ते मे पाटण, बामणोली, तापोळ्याची बाजू. महाबळेश्वर-पाचगणीला मे महिन्यात जागाही मिळत नाही आणि शांतताही. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठाराकडे रात्री एप्रिलमध्येही पांघरूण लागतं.

नदीकाठी मुक्काम करायचा तर दिवाळीनंतर. जून ते सप्टेंबर कृष्णा, कोयना, वारणा यांच्या काठाला, घाटाच्या पायऱ्यांशेजारी, पुलाखाली, कुठेही झोपायचं नाही. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर धरणातून विसर्ग सुटतो आणि पाणी रात्रीत चढतं. मी सांगलीची आहे, या बाबतीत माझं ऐका.

जागा मागायची कशी

पहिल्या पावसाळ्यात गोंदवल्याच्या पुढे एका माळाला गाडी लावली होती. कुणाला विचारलं नव्हतं. माळ म्हणजे कुणाचाच नाही, असं शहरातल्या माणसाला वाटतं. सकाळी दार उघडलं तर समोर एक धनगर आजी उभ्या. हातात काठी, डोक्यावर पदर, आणि नजर माझ्या चाकांखाली.

"कुठनं आलीस गं बाई? एकलीच हायस?"

सांगितलं. त्या खाली वाकल्या आणि चाकाजवळची माती बोटाने उकरली. तिथे मटकी टोकलेली होती, नुकती उगवत होती, दोन पानांवर. माझं चाक तीन ओळींवर उभं होतं.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी गाडी कुठे लावायची ते दाखवलं आणि संध्याकाळी त्यांच्या वाड्यावर, म्हणजे जाळी लावून मेंढरं बसवली होती तिथे, मला बोलावलं. त्या रात्री त्यांनी जे सांगितलं त्यावर मी आजपर्यंत चालते. जागा मागशील तर त्याच दमात पाणी मागू नको, माणूस भितो. उजेड असताना मागायचं. गड्याला नाही, घरातल्या बाईला विचारायचं. आणि शेवटी म्हणाल्या, "आमी मिंढरं बसवतो, शेताला खत मिळतंय. तू काय देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस विचार करून सापडलं. मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते, जीएसटीची विवरणपत्रं भरते. मोबाईलवरचे सरकारी अर्ज मला कळतात. त्यांच्या लेकाची पीएम किसानची केवायसी अडकली होती, ती करून दिली. तेव्हापासून जिथे थांबते तिथे ई-पीक पाहणीची नोंद, सातबारा उतरवून देणं, विम्याचा अर्ज, जे असेल ते करून देते. पैसे घेत नाही. एक नियम कडक पाळते. फोन त्यांच्याच हातात राहतो आणि ओटीपी मी विचारत नाही, तो तेच टाकतात. तुम्हाला शिवण येत असेल, मोटर दुरुस्त करता येत असेल, मुलांचं गणित घेता येत असेल, तर ते द्या. हातात काहीच नसेल तर रीतसर भाडं विचारा. कृषी पर्यटन केंद्रं दोन्ही जिल्ह्यांत आहेत. रात्रीचे ठरावीक पैसे देऊन जागा, पाणी आणि संडास तिन्ही मिळतं. सुरुवातीचे दोन महिने तिथेच काढा.

बाकीचे नियम मी स्वतः ठरवले. चारच्या आत पोचायचं. जागा पक्की झाली की पोलीस पाटलांना फोन करायचा किंवा भेटायचं. नाव, गाडीचा नंबर, किती रात्री, एवढं सांगायचं. एकट्या बाईने तर हे चुकवूच नये. गावात काहीही कुजबुज झाली तरी ती पाटलांपाशी येऊन थांबते, कारण त्यांना आधीच माहीत असतं. एका जागी तीन रात्री, आग्रह झाला तर पाच. गाडीचं तोंड रस्त्याकडे, ड्रायव्हरच्या सीटवर काहीही ठेवायचं नाही, आतून सीटपर्यंत जाता आलं पाहिजे. ११२ नंबर फोनच्या पहिल्या बटणावर. वहिनीला रोज रात्री आठला ठिकाण पाठवते. कुठे थांबले आहे ते निघाल्यानंतरच इतरांना कळतं.

काळ्या रानात चाक घालू नका. वरून कोरडं दिसतं, एक सर आली की तीन टनांची गाडी तिथेच रुतते आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पायाखाली मुरूम वाजतो का ते चालून बघा, मगच गाडी आत घ्या.

जंगलाच्या हद्दीत मुक्काम नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढणं गुन्हाही आहे आणि वाईटही. कराड आणि शिराळ्याच्या उसात बिबटे आहेत. खरकटं बाहेर ठेवू नका, रात्री पाय मोकळे करायला उसाच्या कडेने जाऊ नका. आणि डिसेंबरनंतर वाळलेल्या गवतावर शेकोटी पेटवायची नाही. एका ठिणगीने अख्खा डोंगर काळा होतो, आणि त्या गवतावर कुणाची तरी जनावरं उन्हाळा काढणार असतात.

गाडी आणि तिचे कागद

माझी गाडी फोर्स ट्रॅव्हलर आहे, आठ वर्षं जुनी घेतली. आत उभं राहता येतं, डिझेल इंजिन गावातल्या मेकॅनिकलाही माहीत आहे आणि सुटे भाग कराडला मिळतात. टाटा विंगरही चालते. दोघांनी शनिवार-रविवार फिरायचं असेल तर ईको पुरते, पण त्यात पावसाळा काढायचा म्हणजे चार महिने वाकून राहायचं.

पत्र्याला करवत लावण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनला नियमांत वेगळा वर्ग आहे, मोटर कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे राहण्यासाठी बांधलेल्या गाडीच्या, बांधणीसाठी एआयएस १२४ नावाचं मानक आहे. म्हणून बांधणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की मंजुरी कोण आणणार आणि आरसीवर नवी नोंद कोण करून देणार. हे लेखी घ्या. जुनी गाडी पिवळ्या पाटीची असेल तर परमिट, कर आणि वर्ग बदलण्याचं काम वेगळं. आरसीवर एक आणि गाडीत दुसरंच असलं तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. माझी कागदपत्रं पूर्ण व्हायला तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत गाडी भावाच्या दारात उभी होती, पण आज घाटातल्या कोणत्याही चौकीत मी बिनघोर थांबते.

लायसन नेहमीचं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, चालतं, ते ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतच्या गाडीला असतं.

बांधून झाल्यावर पाण्याची टाकी, गॅस, कपडे, सगळं भरून वजनकाट्यावर न्या. आपल्या भागात प्रत्येक गुऱ्हाळ-कारखान्याच्या रस्त्याला काटा आहे. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. माझी मागून खूप जड निघाली. पसरणीच्या घाटात स्टिअरिंग हलकं का लागत होतं ते तेव्हा कळलं. टाकी पुढे सरकवली. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते भरलेल्या गाडीला तंतोतंत लागू आहे. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर तळाला पोचेपर्यंत जळका वास येईल.

वीज: इथे पैसे वाचवू नका

आधी दिवसाचा हिशेब मांडा. माझा असा आहे. छोटा बारा व्होल्टचा फ्रिज दिवसाला साधारण ४५० वॅट-तास. लॅपटॉप ६० वॅट, सहा तास, म्हणजे ३६०. पंखा २८ वॅट, दहा तास, २८०. दिवे, राउटर, फोन मिळून दीडशे. बेरीज १,२४०, म्हणजे आपल्या बिलाच्या भाषेत सव्वा युनिट. माझी लिथियम फॉस्फेटची बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे २,५६० वॅट-तास. सूर्य दिसला नाही तरी दोन दिवस निघतात. छपरावर २०० वॅटची दोन पॅनेल आहेत. फेब्रुवारीत दिवसाला सव्वा ते दीड युनिट येतं. जुलैत ढगांमुळे कधी कधी त्याचा पाव हिस्सा. म्हणून गाडीच्या अल्टरनेटरवरूनही, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्रावरूनही, चार्जिंग हवं, पण थेट वायर जोडून नाही. लिथियम बॅटरी इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो. मध्ये तो करंट आवरणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतोच.

आता माझी चूक, कारण ती जिवावर बेतली असती. ज्या कारखान्यात गाडी बांधली त्यांनी २,००० वॅटचा इन्व्हर्टर बसवला होता आणि मी खूश होते. डिसेंबरात वाईला, पहाटे सहाला, थंडी होती म्हणून विजेची किटली लावली. तीन मिनिटांनी पलंगाखालून वास आला, लहानपणी वहीचं प्लॅस्टिकचं कव्हर मेणबत्तीवर धरल्यावर यायचा तसा. किटली बंद केली, गादी उचलली. बॅटरीकडून इन्व्हर्टरकडे जाणारी लाल वायर बोटाने दाबली तर तिचं आवरण मऊ मेणासारखं दबलं आणि बोटाचा ठसा उमटला. ती वायर १६ चौरस मिलिमीटरची होती. त्यावर फ्यूज नव्हता. आवरण वितळून ती वायर पत्र्याला टेकली असती तर बॅटरीतला सगळा करंट त्या एका जागी ओतला गेला असता, आणि वर गादी होती.

गणित सोपं आहे, मी ते आधी केलं नव्हतं. २,००० भागिले १२ म्हणजे १६६ अँपिअर. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं धरलं की १८५ च्या आसपास. त्याला बोटाएवढी जाड केबल लागते. मी साताऱ्यात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सगळं काढून घेतलं. आता १,००० वॅटचा शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर, ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, आणि बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा फ्यूज. मिक्सर चालतो, लॅपटॉप चालतो. पाणी गॅसवर तापवते. तुमची गाडी ताब्यात घेताना गादी उचलायला सांगा. फ्यूज कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर उरलेले पैसे देऊ नका.

ओल

पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटावर एक आठवडा राहिले होते, धुकं बघायला. सहाव्या दिवशी गादी उलटी केली तर खालच्या बाजूला काळे-हिरवे ठिपके, वाटीच्या आकाराचे. माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पाव ते अर्धा लिटर पाणी बाहेर टाकतो. थंड पत्र्यावर ते थेंब होऊन बसतं. गादीखाली फळी नको, पट्ट्या हव्यात, दोन बोटं अंतर ठेवून. छपराचा पंखा आणि समोरच्या बाजूची एक फट रात्रभर उघडी हवी, थंडी वाजली तरी. पत्र्याला आतून नायट्राइल फोम चिकटवून घ्या. काचलोकर पाणी धरून ठेवते आणि आतून पत्रा गंजतो. खिडकीसाठी जिथे जिथे पत्रा कापला तिथे कडेला प्रायमर मारला का, हे समोर उभं राहून बघा. नंतर दिसत नाही.

पाणी, गॅस, संडास

टाकी ८० लिटरची आहे. मला दिवसाला पंधरा लिटर पुरतं, केस धुवायच्या दिवशी पंचवीस. प्यायचं पाणी वेगळ्या जारमध्ये. टाकी महिन्यातून एकदा तुरटी नाही, क्लोरीनने धुवायची.

गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. तो महिना-दीड महिना जातो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं, आणि तो कप्पा आतल्या बाजूने बंद हवा. स्वयंपाक करताना दार उघडं. ज्वारीची भाकरी गाडीत होते, पण पीठ उडतं आणि धूर होतो. मी बाहेर छोटी चूल मांडायला जागा असेल तिथेच करते, एकदम सहा, दोन दिवस पुरतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा. फ्रिज बंद पडला तरी जेवण अडत नाही.

संडासाबद्दल लोक हळू आवाजात विचारतात, मी मोठ्याने सांगते. खाली वीस लिटरची टाकी असलेला उचलता येणारा संडास आहे. एका माणसाला चार-पाच दिवस जातो. तो ओढ्यात, शेतात, रस्त्याकडेला कधीही रिकामा करायचा नाही. ज्या घराला किंवा कृषी पर्यटन केंद्राला सेप्टिक टँक आहे तिथे विचारून, त्यांच्या संडासात ओतून, दोन बादल्या पाणी टाकायचं आणि फरशी धुवून निघायचं. संडासाच्या टाकीत फॉर्मालिनचं औषध वापरू नका, त्यांच्या टाकीतले जंतू मरतात आणि टाकी तुंबते. दुसरा मार्ग म्हणजे कोरडा संडास. लघवी वेगळी, वर लाकडाच्या वखारीतला भुसा. वास कमी येतो, पण मग ते कुठेतरी वर्षभर कुजवावं लागतं, आणि त्यासाठी स्वतःची जमीन हवी. मैत्रिणींसाठी एवढंच: वापरलेले पॅड गावच्या उकिरड्यावर नाही, कागदात गुंडाळून शहरापर्यंत सोबत न्यायचे. मी पाळीचा कप वापरायला लागले आणि तो प्रश्न मिटला.

काम, पत्ता, पैसा

महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं आणि २० तारखेला कराचं विवरणपत्र भरायचं असतं. त्या दोन तारखांच्या आधीचे तीन दिवस मी कराड, सातारा किंवा तासगावच्या जवळ असते. बामणोलीकडे किंवा कोयनेच्या आतल्या अंगाला एकाच सिमवर विसंबून चालत नाही. दोन कंपन्यांची सिम आणि वेगळा राउटर ठेवा. तुमच्या कामाच्या अशा न चुकणाऱ्या तारखा आधी कॅलेंडरवर मांडा, मुक्काम त्यांच्याभोवती बसवा. उलटं करू नका.

आधार, मतदार यादी, बँक, आरसी, विमा, सगळ्यावर भावाचा विश्रामबागेतला पत्ता आहे. कायमचा पत्ता असलेलं एक घर आणि दार उघडणारं एक माणूस लागतंच. डॉक्टर मिरजेत ठेवले आहेत, वर्षातून दोनदा तपासणी, औषधं तीन महिन्यांची एकदम.

खर्चाचं माझं पुस्तक सांगते. जुनी गाडी साडेसहा लाख, बांधणी सव्वापाच, वायरिंग पुन्हा करायला अठ्ठेचाळीस हजार. महिन्याला सहाशे-सातशे किलोमीटर, लिटरला दहाची सरासरी, म्हणजे डिझेल सहा हजारांच्या आसपास. किराणा-भाजी पाच, गॅस-फोन-डेटा दीड, जागांचं भाडं दोन ते तीन, आणि गाडीच्या दुरुस्तीसाठी दर महिन्याला तीन हजार बाजूला, काही झालं नाही तरी. पुण्यात मला एकट्या भाड्याला अठरा लागायचे. स्वस्त आहे, पण फुकट नाही, आणि क्लच गेला त्या महिन्यात पुण्यापेक्षा महाग पडलं.

स्वतःचा फ्लॅट असेल तर विकू नका. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या. अकरा महिन्यांत पावसाळाही येतो, आणि पावसाळा काढल्याशिवाय हे जगणं आपलं आहे की नाही ते कळत नाही. गाडी बांधायला देण्याआधी कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन आठ दिवस राहा, आणि ते आठ दिवस नोव्हेंबरातले नकोत. जुलैत या. ओले कपडे, चिखलाच्या चपला आणि एकच दार, यांच्यासोबत आठ दिवस राहून बघा.

निघताना

गॅसचा वॉल्व्ह बंद. छपराच्या पंख्याचं झाकण खाली. फ्रिजची कडी. सिंकमधला तांब्या खाली, नाहीतर पहिल्याच वळणावर तो पायाशी येतो, आणि ब्रेकखाली गेला तर घात. चाकांखालचे लाकडी ओंडके आत. गाडीला एक पूर्ण फेरी मारून बघायचं, दोरीवर काही राहिलं का, खाली तेलाचा डाग पडला का.

मग जिच्या रानात थांबलो तिच्या दारात जाऊन निघते म्हणून सांगायचं. न सांगता पहाटे निघून गेलं तर पुढच्या वर्षी ती जागा नसते. त्या आजींच्या माळावर मी दर आषाढात जाते. पहिल्या वर्षी मोडलेल्या मटकीच्या तीन ओळी मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच बी घेऊन पुन्हा टोकल्या होत्या. आता गाडी हलवली की आधी मागे वळून जमीन बघते. चाकांनी खड्डे पाडले असतील तर ड्रायव्हरच्या सीटमागे छोटं फावडं ठेवलेलं आहे. माती सारखी करायची, पायाने दाबायची नाही, भुसभुशीतच ठेवायची.